खरात काकांची रिकामी फेरी

आमच्या शेजारचे खरात काका कुठल्याही गावाला दोनदा जातात. एकदा तालमीला आणि एकदा खरोखर. मंगळवारी जालन्याला डॉक्टरकडे नंबर लावलेला असला, की सोमवारी काका जालन्याला जाऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढून-उतरून येतात. बाकडी कुठे आहेत, पंख्याचा वारा कुठल्या बाकड्यावर येतो, बाहेर काढलेल्या चपला जागेवर राहतात का, चहावाला किती लांब आहे, हे सगळं पाहून आले की मंगळवारी निर्धास्त मनाने आजारी पडायला मोकळे.

"मॅडम, नवा रूट चालू करायचा तर पहिली गाडी रिकामी फिरवून आणावी लागती," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "डायरेक्ट पॅसेंजर बसवले आन् मधी पूल खचलेला निघाला, मंग?"

याला ते 'रिकामी फेरी' म्हणतात. काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारायच्या आणि ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावायच्या, हे काम. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. अंबडमध्ये आज चाळिशीच्या पुढे असलेल्या प्रत्येक माणसाने त्यांचा आवाज ऐकलेला आहे. तो आवाज त्यांनी निवृत्तीनंतर डेपोत जमा केला नाही, घरी घेऊन आले. व्हरांड्यातली खुर्ची म्हणजे फलाट क्रमांक एक, आतली खाट म्हणजे फलाट क्रमांक दोन. "कमल, चहा फलाट एकवर लागू दे," अशी घोषणा झाली की भिंतीपलीकडे माझ्या सासूबाईही आपोआप आधण ठेवतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काका घरी डोळ्यांवर हिरवा टॉवेल टाकून खाटेवर आडवे पडले होते. डॉक्टरचं काम काकूंकडे होतं. काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी एक काडी हवेत फिरवली आणि म्हणाल्या, "झालं ऑपरेशन. उठा."

"इतक्या जल्दी होत न्हाई," काका टॉवेलाखालून म्हणाले आणि तसेच पडून राहिले. थोड्या वेळाने घोरायला लागले.

मुलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर त्यांनी कार्यालयात जाऊन वरपक्षाच्या स्वागताची तालीम घेतली. व्याही म्हणून स्वतःच दारात उभे राहिले आणि स्वागत नीट झालं नाही म्हणून स्वतःच रुसून बसले. काकूंना त्यांची समजूत काढावी लागली.

कमलकाकूंबद्दल सांगायचं तर अडचण अशी की सांगण्यासारखं त्या काही करतच नसत. काका बोलायचे, काकू करायच्या. घरात तिसरं माणूस म्हणजे काकांची आई. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. आजी पडल्या, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावरच आहेत. डोकं लख्ख आहे, जीभ त्याहून लख्ख. त्यांचं न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं काकूंकडे. सकाळी विहारात जाऊन बुद्धवंदना करायची आणि येताना भाजी आणायची, एवढाच काकूंचा दिवसभरातला बाहेरचा प्रवास. त्याला रिकामी फेरी लागत नसे.

तर अशा घरात उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुजाताचा फोन आला. सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न करून अमेरिकेत गेलेली, लुइझियाना नावाच्या राज्यात. काका त्याला 'लुझ्याना' म्हणतात. फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि काकांचा स्पीकर म्हणजे अर्ध्या गल्लीचा स्पीकर, त्यामुळे मी भिंतीच्या अलीकडे चहा पीत सगळं ऐकत होते.

"बाबा, दिवाळीच्या सुमारास तुम्ही दोघं या," सुजाता म्हणाली. "आम्ही एका तळ्यावर आठवडाभर लाकडी घर घेतोय. सगळे मिळून राहू. केबिन म्हणतात त्याला."

"केबिन?" काका उखडले. "आगं, मी सारी नौकरी केबिनमधी काढली. आता सुट्टीला बी केबिनमधीच बसू का?"

सुजाताने फोटो पाठवले. काका ते दाखवायला लगेच आमच्याकडे आले. काळंशार, हलत नसलेलं पाणी. त्या पाण्यातच उभी असलेली उंच उंच झाडं, बुंधे खाली हत्तीच्या पायासारखे फुगलेले. फांद्यांवरून राखाडी शेवाळाच्या लांब जटा लोंबत होत्या. एका कडेला खांबांवर उभं केलेलं लाकडी घर, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या.

"ही सायप्रसची झाडं," मी म्हणाले.

"सायबाची झाडं," काकांनी नाव पक्कं केलं. "बघा मॅडम. तिथं झाडं गुडघाभर पाण्यात उभी करून ठिवली आन् इथं आपण मोसंबीला टँकर लावून राह्यलो."

काकूंनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ तो फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "किती निवांत हाय ओ."

एवढंच. पण काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याच क्षणी लुझ्यानाचा रूट मंजूर झाला.

त्या रात्रीपासून काकांचे सुजाताला फोन सुरू झाले. तळ्यात सुसरी आहेत हे कळल्यावर ते घाबरले नाहीत, फक्त म्हणाले, "त्याह्यचं टायमिंग काय?" त्यांचं म्हणणं, सुसर झाली तरी तिचं काहीतरी वेळापत्रक असणारच. सुजाता म्हणाली की त्या आळशी असतात, उन्हाला पडून राहतात, आपण त्यांच्या वाटेला गेलो नाही तर काही करत नाहीत. "म्हणजे आमच्या डेपोतल्या काही लोकांसारख्या," काका म्हणाले आणि निश्चिंत झाले.

मग त्यांनी केबिनची मापं मागवली. स्वयंपाकघर केवढं, झोपायची खोली केवढी, पाण्यावरचा लाकडी ओटा केवढा. आणि एका रविवारी सकाळी गच्चीवर खडूने सगळी केबिन आखली. खऱ्या मापाने. पांढऱ्या खडूच्या भिंती, पिवळ्या खडूचा ओटा आणि त्यापुढे गच्चीच्या कठड्यापर्यंत निळ्या खडूचं तळं. आमची आणि त्यांची गच्ची एकच असल्यामुळे अर्धं तळं आमच्या हद्दीत आलं. सासूबाई दर वर्षीच्या जागेवर कुरडया घालायला गेल्या तर काका जिन्यातून ओरडले, "आक्का, पाण्यात घालू न्हाई! पलीकडं बेडरूममधी घाला!"

काकू धुणं वाळत घालायला यायच्या त्या पिवळ्या ओट्यावरून सांभाळून चालत. विनोद म्हणून नव्हे. नवऱ्याने पाणी म्हटलंय तर पाणी, असा त्यांचा स्वभाव. पण एक दिवस मी पाहिलं, धुणं घालून झाल्यावर काकू त्या पिवळ्या रेघेच्या कडेला बसल्या होत्या, निळ्या खडूत पाय सोडून.

पुढची रिकामी फेरी विमानतळाची. गच्चीवरच्या वाळत घालायच्या दोऱ्या सोडून त्यांची नागमोडी रांग केली. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून अमेरिकेचा अधिकारी मी. आमच्याकडची इस्त्रीची टेबलवजा फळी माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, पहिलं हिला विचारा," काका म्हणाले. "मी मागं हाय."

मी चेहरा कडक करून इंग्रजीत विचारलं की कशासाठी आलात.

काकूंनी काकांकडे वळून पाहिलं.

"माझ्याकडं न्हाई! साहेबाकडं बघ!"

"डॉटर," काकू मला म्हणाल्या. मग स्वतःहून भर घातली, "बाळातपण न्हाई. सहज."

"सहज म्हणू न्हाई," काका मागून म्हणाले. "सहज कोण येतं का एवढं लांब? त्याह्यला संशय येईल."

मी पुढे विचारलं की सामानात काय आहे. काकूंनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली, "कारळाची चटणी, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ, नातवाला शेंगदाण्याचे लाडू..." तिथे काकांनी तालीम थांबवली आणि नुसतं 'फूड' एवढंच बोलायचं, असं ठरवून दिलं.

ही तालीम आम्ही कितीतरी वेळा केली. प्रत्येक वेळी काकू पुढे, काका मागे. एकदा मी म्हणाले, "काका, आता तुम्ही या पुढे, तुमची घेऊ."

"माझं काय, मी बोलण्यातला माणूस," ते म्हणाले. "हिचं पक्कं झालं पाहिजे. पुन्हा घ्या."

व्हिसासाठी दोघं मुंबईला जाऊन आले, तेव्हा दोन दिवस सासूबाई आजींजवळ राहिल्या. खिडकीतला गोरा साहेब चक्क मराठीत बोलला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही काकूंना. एक, कुणाकडे चाललात. दुसरा, तिथे काय करणार.

"मी म्हणले, काय न्हाई, निवांत बसणार," काकूंनी आम्हाला सांगितलं. साहेब हसला म्हणे आणि दोघांनाही दहा वर्षांचा व्हिसा देऊन टाकला. काकांनी पाठ केलेलं एक वाक्यही वापरायला मिळालं नाही, याचं त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

मी एकदा विचारलंही, की तुम्ही दोघं गेल्यावर आजींचं कसं? काका म्हणाले, "राजूरहून माझा धाकटा भाऊ येऊन राहील. त्याची ड्युटी लावलेली हाय." ते इतक्या सहज म्हणाले की पुढे विचारावंसं वाटलं नाही.

आता राहिलं होतं पाणी. खडूचं नव्हे, खरं. सुजाताने सांगितलं होतं की तिथे होडीतून फिरायचं असतं आणि काकू म्हणाल्या होत्या, "मी ओट्यावरून बघीन. तुमी फिरा." काकांना हे मंजूर नव्हतं. त्यांनी वडीगोद्रीला गफूरभाईंना फोन लावला.

गफूरभाई हे काकांच्या डेपोतले निवृत्त ड्रायव्हर. वडीगोद्रीजवळ त्यांचं शेत आहे आणि शेतात भलंमोठं शेततळं. माझी शाळा वडीगोद्रीलाच, वाट रोजच्या पायाखालची, त्यामुळे रविवारी मीही सोबत गेले. सासूबाई आजींजवळ बसल्या.

गफूरभाईंनी तयारी जोरदार केली होती. चार निळे ड्रम एकमेकांना बांधून वर फळ्या ठोकल्या होत्या. तराफ्याला दोन्ही बाजूंनी जाड दोर. तळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरू नये म्हणून उतारावर पोती अंथरलेली. शेताच्या कडेची टिनाची खोली झाडून-पुसून, तिच्या दारावर खडूने 'केबिन' असं लिहिलेलं.

"कंट्रोलरसाब, आपकी गाडी फलाट को लग गई," गफूरभाई म्हणाले.

काकूंच्या पाठीला आणि पोटाला काकांनी तेलाचे रिकामे कॅन बांधले. लुगड्यावर कॅन बांधलेल्या काकू हळूहळू पोत्यांवरून उतरल्या. तराफ्यावर एक पाय ठेवला, तो हलला, तशी त्यांनी पाय मागे घेतला.

"तुमी बी बसा ना," त्या काकांना म्हणाल्या.

"मी कंट्रोलमधी हाय," काका काठावरून म्हणाले. दोर त्यांनी हाताला दोन वेढे देऊन धरला होता. "बस तू. मी सोडत न्हाई."

काकू बसल्या. डोळे गच्च मिटलेले. गफूरभाईंनी पलीकडून दोर ओढायला सुरुवात केली आणि काकूंनी "अगं माय!" करून अशी किंकाळी फोडली की बांधावरचे बगळे उडाले. तराफा सरकत सरकत मधोमध आला. मग किंकाळी थांबली. काकूंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पाण्यावर वारा होता, आभाळ सगळं खाली उतरलेलं. त्यांनी हळूच हात पाण्यात घातला.

"ओढा आता इकडं!" काका ओरडले. "झाली फेरी!"

"थांबा की!" काकू तिथून म्हणाल्या.

काकूंनी काकांना 'थांबा' म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. काकूंनी त्या दिवशी इतक्या चकरा मारल्या की शेवटी गफूरभाई म्हणाले, "भाभी, डिझेल खतम हो गया." परतताना गाडीत काकूंच्या पदराचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. काका मात्र उजव्या हाताचा पंजा मांडीखाली दडवून बसले होते. दोराने तळवा सोलून निघाला होता.

दिवाळी जवळ आली तशा बॅगा निघाल्या. दोन नव्या बॅगा, एक लाल, एक काळी. लाल काकूंची, काळी काकांची. काकूंची लाल बॅग चटण्यांनी भरली आणि चटण्या उरल्या, त्या काळीत गेल्या. मग पापड गेले, नातवाचे कपडे गेले, सुजाताला हवी असलेली गोधडी गेली. एक दिवस काकूंच्या लक्षात आलं, की काळी बॅग भरली आणि त्यात काकांचा एक शर्टसुद्धा नाही.

मी शाळेतून येत होते तर त्यांच्या व्हरांड्यातून काकूंचा आवाज आला. मोठा आवाज. मी चपला न काढता तशीच आत गेले.

"शीतल, विचार यांना," काकू मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "यांचं तिकीटच न्हाई. एकच तिकीट काढलंय. माझं!"

काका फलाट क्रमांक एकवर बसले होते, पण कंट्रोलरसारखे नव्हे, गाडी चुकलेल्या पॅसेंजरसारखे.

"आन् राजूरचे भावजी?" काकूंनी विचारलं.

"त्याला विचारलंच न्हाई," काका म्हणाले. "त्याच्या मागं त्याचीच कटकट कमी हाय का."

"म्हणजे पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून. सुजाताला माहीत हाय. मी येतो म्हणलो न्हाई तर तू कुठं तयार व्हणार व्हतीस?"

"मी जात न्हाई," काकू म्हणाल्या आणि लाल बॅगेतून चटणीचे डबे काढून जमिनीवर मांडायला लागल्या. "बिलकुल जात न्हाई. तुमाला भाकर येत न्हाई. आत्याबाईचं कोण करल? त्याह्यला सकाळी ऊन पाणी लागतं, पाठीला तेल लागतं, कुशीवर वळवताना डावा पाय आधी धरावा लागतो. तुमाला काय माहीत?"

"डावा पाय आधी, मंग खांद्याखाली हात," काका खाली बघत म्हणाले. "आन् उशी गुडघ्यामधी."

काकूंचा हात डब्यावरच थांबला.

आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला. "चांगलं न्हाऊ घालतो वामन. फकस्त पाणी लई कढत करतो. भाजून काढलं मला दोनदा."

काकू दारात जाऊन उभ्या राहिल्या. "कवा घातलं न्हाऊ?"

"रोज. तू विहारात गेली का घालतो. मला म्हणला, सांगू नको कमलला. मंग तू येतीस, पुन्हा न्हाऊ घालतीस. महिना झाला दोन दोन अंघोळी करून राह्यले मी. सर्दी व्हायची पाळी आली."

मला हसू आवरेना. पण हसणारी मी एकटीच होते. काकू परत येऊन काकांसमोर खाली बसल्या, डब्यांच्या मध्ये.

"काहून असं केलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

काकांनी एक डबा उचलला आणि त्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीला मी साऱ्या गावाला गाड्यात बसवून दिलं. कोणी माहेरी, कोणी देवाला, कोणी लेकीकडं. तुला कधी बसवलं? तुझी माय गेली तवा बी तू संध्याकाळच्या गाडीनं परत आल्ती, इथं माझ्या मायला कोण बघल म्हणून." त्यांनी डबा काकूंपुढे सरकवला. "माझी ड्युटी आठ घंट्याची व्हती, कमल. मी घरी आलो की सुटली. तुझी सुटलीच न्हाई कधी. आता मी लावली ना माझी ड्युटी. तू जा."

"आन् तुमी?"

"व्हिसा दहा वर्षाचा हाय. मी पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला म्हणजे केव्हा, हे कुणी बोललं नाही. आतून आजी म्हणाल्या, "जाय पोरी. मी काय इतक्यात मरत न्हाई. आन् मेले तर हा जाळल बराबर. त्याची बी तालीम केली असल त्यानं."

तेव्हा काकू हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. मग उठून डबे परत बॅगेत भरायला लागल्या. रात्री बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. काकांना भाकरी शिकवत होत्या. "थापा. अहो, गाल थापटल्यावाणी न्हाई, जरा जोर लावा."

निघायच्या दिवशी माझे मिस्टर काकूंना मुंबईच्या विमानतळावर सोडायला जाणार होते. काकूंनी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले, आजींच्या पाया पडल्या, आजींनी त्यांचा गाल हाताने चाचपला. काका स्टँडपर्यंत आले. आम्ही वाट पाहत होतो की आता काहीतरी घोषणा होणार, सूचना होणार, सुसरींचं टायमिंग पुन्हा एकदा सांगितलं जाणार. गाडी सुटायला आली तसे काका खिडकीखाली गेले. गाडी हलल्यावर दोन पावलं सोबत चालले आणि म्हणाले, "खिडकीपशीच बस."

त्यानंतरचे दिवस आमच्या गल्लीने मजेत काढले. काकांच्या भाकरीला कधी तीन कोपरे असत, कधी पाच. आजी त्या हातात धरून उजेडाकडे करून पाहत आणि म्हणत, "हा कोणता जिल्हा?" माझ्या सासूबाई रोज वाटीभर भाजी भिंतीवरून देत आणि काका ती घेताना सांगत, "आक्का, गरज न्हाई, पर तुमचा मान म्हणून घेतो." सुजाताचा फोन आला की काकू पहिलं विचारत, भाजी काय केली? काका आमची वाटी समोर ठेवून सांगत, "वांगं केलं व्हतं. एकदम बराबर जमलं." मी पलीकडून खोकत असे.

पण संध्याकाळी ते व्हरांड्यात बसून राहत. घोषणा नाहीत. फलाटांवर शांतता. एकदा मी विचारलं, "काका, करमतं ना?"

"करमायला काय झालं," ते म्हणाले. "माय हाय की." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडम, मी लई बोलायचो का ओ घरात?"

"थोडंसं," मी म्हणाले.

"ती ऐकत व्हती म्हणून बोलणं व्हायचं," काका म्हणाले आणि आजींना कुशीवर वळवायला आत गेले.

मग तळ्यावरच्या केबिनचा तो आठवडा आला. आमच्याकडे दिवेलागण झाली होती, तिकडे सकाळ. व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी भाजीची वाटी द्यायला गेलेच होते. काकांनी फोन आजींच्या खाटेपाशी नेला आणि आम्ही तिघंही त्या छोट्या पडद्यात डोकावलो.

काकू होडीत बसल्या होत्या. लुगड्यावर सुजाताचा स्वेटर, त्यावर नारिंगी रंगाचं जॅकेट. मागे धुकं आणि धुक्यात ती झाडं, तांबूस पडलेली, काळ्या पाण्यात उलटी उतरलेली. जटांमधून ऊन येत होतं. नातू कुठेतरी पडद्याबाहेर खिदळत होता.

"दिसतं का?" काकू म्हणाल्या. "थांबा, दाखवते. हे बघा झाड. अहो, फोटोत काहीच न्हाई, हे एवढं मोठं हाय! आन् काल सकाळी काय झालं माहीत का, मी चहा घेऊन ओट्यावर बसले, तर पाण्यात एक लाकूड. लाकूड म्हणून मी बघत बसले, तर त्याला डोळे! मी हाललेच न्हाई. ती बी हालली न्हाई. आमी दोघी एकमेकींकडं बघत बसलो. मंग मी म्हणले, तू तुझं बस बाई, मी माझं बसते..."

त्या बोलतच होत्या. पाण्याचा रंग, पक्ष्यांचे आवाज, रात्री बेडकांचा गलका, नातवाने पकडलेला आणि परत सोडलेला मासा. काका मधेमधे "बराबर, बराबर" एवढंच म्हणत होते.

मग सुजाताचा चेहरा आला. "बाबा, आई रोज म्हणते, तिकीट बदलून द्या, मी लवकर जाते. तुमचे हाल होत असतील म्हणून."

"कसले हाल?" काका ताठ झाले. "इथं सारं टायमावर हाय. तिला सांग, उलट पंधरा दिवस वाढवून घे."

"कमल," आजींनी मान पुढे काढली, "हा भाजीत मीठ घालत न्हाई. आन् घातलं तर दोनदा घालतो."

तिकडे काकू हसायला लागल्या. तोंडावर पदर न घेता, मान मागे टाकून, होडी हलेपर्यंत. इतकी वर्षं आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, पण तो आवाज त्या भिंतीतून कधी आलेला मला आठवत नाही. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी फोन जरा दूर धरला होता आणि त्यांचा अंगठा हळूच सरकून वरच्या कॅमेऱ्यावर आला होता.

"अहो," काकूंचा आवाज आला. "दिसेना गेलात तुमी. सारं काळं झालं."

"रेंज न्हाई," काका म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, तो आजींनी धरला होता.

"आवाज तर येऊन राह्यला."

"येऊ दे," काका म्हणाले. "तू बोल. मी ऐकून राह्यलो."